घर पाहावे दुरून बांधून

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपल्याकडे म्हणतात. ही दोन्ही कामे वेगवेगळ्या वेळी करावीत आणि मधल्या काळात माणसाने थोडा दम खावा, असाच ह्या म्हणीचा उपदेश असावा. परंतु जगाच्या पाठीवर एक मुलूख असा आहे की, तेथे कित्येक परदेशी जावई ही दोन्ही कामे एकाच सपाट्यात उरकतात आणि तीही हजारो मैल दूर राहून. तो मुलूख म्हणजे थायलंडचा ईशान्य भाग. लग्न तेथल्या मुलीशी, नोकरी युरोपात आणि घर सासुरवाडीच्या भातशेताच्या कडेला. पैसा थोडा, उत्साह फार आणि देखरेख टेलिफोनवरून!

असेच घर बांधणारा दुसरा एक वर्ग त्याच गावांत आहे आणि तो संख्येने कितीतरी मोठा आहे. तैवानच्या कारखान्यात, इस्राएलच्या शेतात किंवा कोरियात राबणारा खुद्द गावचा मुलगा, गावचीच मुलगी. एक परका, एक घरचा. पण दुखणे दोघांचे एकच. घर बांधायचे आहे, पैसे बेताचे आहेत आणि आपण तेथे नाही. कमी पैशात घर कसे उभे राहते आणि उभे राहिलेले घर अखेर कोणाचे असते, ह्या दोन प्रश्नांविषयी माझे मत मी येथे मांडणार आहे. थायलंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सहलीच्या जाहिरातींतले समुद्रकिनारे येतात. मी म्हणतो तो मुलूख त्या किनाऱ्यांपासून फार लांब आहे.

त्याचे नाव 'ईसान'. हा शब्द म्हणजे आपला संस्कृत 'ईशान'. घर बांधताना ज्या ईशान्य कोपऱ्याला आपण इतके जपतो, तोच हा देशाचा ईशान्य कोपरा. तेथील शहरांची नावेही आपल्या कानांना परकी वाटू नयेत. 'उदोन थानी' म्हणजे उत्तरेची धानी. 'उबोन रात्चथानी' म्हणजे उत्पल-राजधानी, कमळांची राजनगरी. नावे अशी शुभ असली, तरी जमीन मात्र उदार नाही. कोरातचे पठार, रेताड माती, ठिकठिकाणी जमिनीच्या पोटात मीठ आणि बहुतेक ठिकाणी पावसाच्या भरवशावरचे भाताचे एकच पीक. देशाचा सुमारे एक-तृतीयांश प्रदेश आणि तितकीच लोकसंख्या ह्या वीस प्रांतांत आहे. साहजिकच तरणी माणसे पोटासाठी बाहेर पडतात.

ह्या बाहेर पडण्यालाही इतिहास आहे. व्हिएतनामच्या युद्धात उदोन, उबोन, नाखोन फनोम आणि कोरात येथे अमेरिकेचे विमानतळ होते. त्या काळात गावांनी गोरा माणूस जवळून पाहिला आणि पहिले 'फरांग' जावई घरांत आले. (फरांग म्हणजे आपला फिरंगीच, शब्दाचे मूळ एकच आहे.) १९७६ पर्यंत अमेरिकन सैन्य परत गेले. तोवर ईसानचे पुरुष सौदी अरेबियाच्या वाटेला लागले होते आणि त्यांची संख्या पुढे लाखाच्या पलीकडे गेली. १९८९ साली तेथील राजवाड्यातून एका थाई नोकराने जडजवाहीर चोरले आणि त्या सुमारास बँकॉकमध्ये सौदी वकिलातीतील अधिकाऱ्यांचे खून झाले. दोन राष्ट्रांचे संबंध बिघडले आणि ती वाट बंद झाली. ती २०२२ मध्ये पुन्हा उघडली. दरम्यानच्या काळात तैवान, इस्राएल आणि दक्षिण कोरिया ही नावे खेड्यांतल्या म्हाताऱ्यांच्याही तोंडी बसली.

आता घराकडे वळू. ईसानचे जुने घर लाकडी खांबांवर उंच उभे असे. वर राहायचे, खाली मोकळी जागा. ह्या खालच्या जागेला 'ताय थून' म्हणतात. तेथे हातमाग, तेथेच म्हैस, तेथेच दुपारची झोळी आणि तेथेच शेजारणींच्या गप्पा. वारा खेळता, पावसाचे पाणी पायांखालून वाहून जाणारे. लाकूड जंगलातले आणि श्रम गावचे. एकमेकांच्या कामाला एकमेकांनी जायचे ही आपल्याकडील इर्जिकीसारखी रीत तेथेही होती. अशा घराला वेळ लागे, माणसे लागत. रोकड मात्र फारशी लागत नसे. खरे 'कमी खर्चाचे घर' तेच होते.

हे घर मोडले कशाने? नव्या फॅशनने, असे म्हणणे सोपे आहे. पण ते अर्धेच खरे आहे. १९८८ च्या नोव्हेंबरात दक्षिण थायलंडमध्ये महापूर आले, उघड्या पडलेल्या डोंगरांवरून माती आणि ओंडके गावांवर कोसळले आणि शेकडो माणसे दगावली. त्यानंतर १९८९ च्या जानेवारीत सरकारने देशभरातील जंगलतोडीचे ठेके रद्द केले. तो निर्णय योग्यच होता. परंतु लाकूड महाग झाले आणि खेड्यातले घर सिमेंटच्या ठोकळ्यांचे, लोखंडी गजांचे आणि पत्र्याचे झाले. ही सारी वस्तू दुकानातली; तिला रोकडच लागते. रोकड गावात नाही, ती परदेशात आहे. म्हणजे घर बांधण्यासाठी घर सोडणे भाग पडले. हा पेच नीट समजून घेतला, तर परदेशी गेलेल्या माणसाच्या घराला केवळ हौस म्हणून हसावेसे वाटणार नाही.

दुरून बांधणाऱ्याची पहिली ठेच कागदावर लागते. तेथे जमीन 'राय'मध्ये मोजतात. एक राय म्हणजे १,६०० चौरस मीटर, आपले जवळजवळ सोळा गुंठे. त्याचे चार 'ङान' आणि चारशे चौरस 'वा'. दोन्ही हात पसरल्यावर जेवढे अंतर होते तेवढा एक वा, आपल्या जुन्या 'वाव' ह्या मापासारखा. जमिनीच्या कागदावर गरुडाचे चिन्ह असते आणि त्याच्या रंगावरून जाणता माणूस कागदाची प्रत ओळखतो. लाल गरुडाचा 'चनोत' हा पूर्ण मालकीचा. हिरव्या आणि काळ्या गरुडाचे कागद त्याखालचे. ह्याशिवाय १९७५ च्या शेतजमीन सुधारणा कायद्याने भूमिहीनांना दिलेली जमीन आहे. ती कसण्यासाठी दिलेली, वारसाकडे जाणारी, खुल्या बाजारात विकता न येणारी. अशी जमीन 'स्वस्तात मिळते' म्हणून तिच्यावर पैसे ओतणारे दूरदेशीचे शहाणे थोडे नाहीत. चनोतची एक प्रत मालकाजवळ आणि दुसरी जमीन कार्यालयात असते. दोन्ही ताडून पाहण्यासाठी कोणीतरी सकाळी कार्यालयात जाऊन बसावे लागते. हजेरीचा मुद्दा येथूनच सुरू होतो.

दुसरी ठेच मातीची. भातशेताच्या कडेची जागा सखल असते. ट्रकांनी भराव आणून ती रस्त्याच्या वर उचलावी लागते आणि तो भराव बसण्यासाठी निदान एक पावसाळा जाऊ द्यावा लागतो. परदेशातला माणूस सुट्टीच्या हिशेबाने घाई करतो. माती कोणाच्या सुट्टीचा हिशेब ठेवीत नाही. पुढे फरशीला तडे जातात आणि दोष गवंड्याला लागतो.

तिसरी गोष्ट कामाच्या रीतीची. तेथे आधी काँक्रीटचे पाये आणि खांब, मग तुळया, मग छप्पर आणि भिंती सर्वांत शेवटी. भिंतीवर भार नसतो. ती केवळ आडोसा असते. कमी पैशाच्या माणसाला ही रीत वरदान आहे. एका वर्षी खांब आणि छप्पर, दुसऱ्या वर्षी दोन खोल्यांच्या भिंती, तिसऱ्या वर्षी उरलेले. छपराखाली माणसे तोवर राहू शकतात आणि पन्हळीचे पाणी दोन हजार लिटरच्या सिमेंटच्या रांजणांत साठू लागते. खाली काँक्रीट आणि वर जुन्या घराचे उतरवलेले लाकूड अशी अर्धी-अर्धी घरे तेथे गावोगाव आहेत. ती थंड राहतात आणि खिशालाही सोसतात. सरकारी बांधकाम खात्याचे तयार नकाशेही लोकांना फुकट मिळतात. एवढे सगळे असूनही परदेशातून बांधलेले घर हटकून मोठे आणि महाग होते. असे का व्हावे?

माझ्या मते त्याचे कारण सिमेंटच्या भावात नाही. ठेकेदाराला सारे काम अंगावर द्यायचे, की सामान आपण आणून फक्त मजुरी द्यायची, असे दोन मार्ग असतात. दुसरा मार्ग स्वस्त. पण त्यासाठी पोती मोजायला, गजाची जाडी पाहायला आणि संध्याकाळी उरलेला माल आत ठेवायला माणूस लागतो. पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे, काम पाहून द्यायचे, हा नियम सर्वांना ठाऊक असतो. पण 'पाहून' ह्या शब्दातच सारे आले. फोनवरच्या चित्रात भिंत दिसते, भिंतीतला गज दिसत नाही. शिवाय गवंडी हा मुळात शेतकरी. लावणीला आणि कापणीला तो आपल्या शेतावर जाणार. दूर बसलेल्याला वाटते, पैसे घेऊन पळाला. गावात असणाऱ्याला ठाऊक असते की तो समोरच्याच शेतात वाकलेला आहे! संशयाने पाठविणारा चढ्या भावाचा ठेका देऊन मोकळा होतो. जेथे माणूस हजर नसतो, तेथे त्याच्या गैरहजेरीची किंमत पैशात मोजावी लागते. कमी खर्चाच्या घराचे गुपित एवढेच आहे.

मग हजेरी कोण देते? बहुतेक घरांत ती बाई देते. फरांगची बायको, मजुराची बायको, नाहीतर गेलेल्या मुलीची आई. चहा-जेवण, पोत्यांची मोजदाद, तांबोनच्या, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या कार्यालयातील खेपा, घराचा क्रमांक, विजेचा मीटर, हे सर्व तिच्याकडे. त्यातच 'परदेशचा पैसा आला' म्हणून उसने मागणारे नातलग आणि देवळाच्या कामासाठी दोन पोती मागणारे गावकरी. नाही म्हटले तर गाव तोडते, हो म्हटले तर नवरा फोनवर तोडतो. हे काम कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेले नसते.

ईसानच्या जुन्या रूढीने हे ओळखले होते, असे मला वाटते. तेथे लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी जातो आणि आईबापांचे घर बहुधा धाकट्या मुलीकडे येते, कारण म्हातारपणी त्यांना सांभाळणारी ती असते. जो राहील त्याचे घर, असा हा सरळ न्याय आहे.

येथेच फरांग जावयाची सर्वांत मोठी तक्रार उभी राहते. थायलंडच्या कायद्याने परदेशी माणसाला सामान्यतः जमिनीची मालकी मिळत नाही. १९९९ पर्यंत तर परदेशी नवरा असलेल्या थाई स्त्रीलाही जमीन घेणे जवळजवळ अशक्य होते. त्या वर्षापासून तिला ती घेता येऊ लागली. मात्र हा पैसा सर्वस्वी बायकोचा आहे, माझा त्यावर हक्क नाही, असे नवऱ्याला तिच्याबरोबर लिहून द्यावे लागते. 'पैसा माझा आणि लिहून द्यायचे की माझा नाही!' असा त्याचा संताप असतो. मला मात्र ह्या सहीत अन्याय दिसत नाही. तो पैसे देतो आणि ती वर्षे देते. त्याला परत जायला एक देश आहे; तिला गाव सोडून जायला जागा नाही. जमीन तिच्या नावावर असणे हे तिने केलेल्या कामाचे पहिले लेखी मोल आहे.

ह्यावर कोणी म्हणेल, फसवणूक होत नाही काय? होते. दोन्ही बाजूंनी होते. संसार मोडतात, पाठविलेल्या पैशांचे घर भाऊबंद गिळतात, कधी नवराच पाठविणे बंद करतो आणि नुसत्या खांबांचा सांगाडा बाईच्या दारात वर्षानुवर्षे उभा राहतो. म्हणून कायद्यानेच ठेवलेल्या वाटा वापराव्यात. जमीन तिची ठेवून घरापुरता हक्क नोंदवता येतो, हयातभर राहण्याचा हक्क नोंदवता येतो, तीस वर्षांपर्यंत भाडेपट्टाही करता येतो. हे कागद जमीन कार्यालयात उघडपणे करावेत. परंतु दुसऱ्याच्या नावाने बनावट कंपनी काढून जमीन गिळण्याची जी चोरवाट काहीजण शोधतात, ती मला लाजिरवाणी वाटते. ज्या गावाने जागा दिली, त्याच्या कायद्याला फसवून घर बांधणे म्हणजे उंबरठ्याखालीच वाळवी पुरणे होय.

अर्थशास्त्राच्या तासाला आपण ऐकतो की, परदेशातून आलेला पैसा घरांत घालणे हा 'अनुत्पादक खर्च' आहे. हे मत मला अर्धवट वाटते. चार्ल्स कीज ह्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६३ पासून ईसानच्या एका खेड्याचा अभ्यास केला आणि पुढे तेथल्या लोकांना जगाचा वावर असलेले, विश्वनागरिक खेडूत म्हटले. जग पाहून आलेल्या माणसाला कोरड्या न्हाणीघराची, पक्क्या छपराची आणि गावात मान वर करून चालण्याची इच्छा व्हावी, ह्यात गैर काय? ज्या प्रदेशाच्या लोकांना राजधानीत वर्षानुवर्षे गावंढळ म्हणून हिणवले गेले, त्यांनी विटांत उत्तर दिले तर ते समजण्यासारखे आहे.

माझा आक्षेप घराच्या आकाराला आहे. गैरहजर माणसाला अपराधी वाटते आणि तो अपराध खोल्या वाढवून भरून काढतो. पण खोलीचे खरे माप चौरस मीटरात नाही. इस्राएलमधला शेतमजुरीचा परवाना जास्तीत जास्त पाच वर्षे तीन महिन्यांचा असतो. कर्ज फेडून उरलेल्या वर्षांत दोन खोल्या होतात. तिसरी खोली आणि दर्शनी खांब हवे असतील, तर पुन्हा दलालाकडे, पुन्हा दुसऱ्या देशात. म्हणजे एका सज्जाची किंमत मुलाचे बालपण असू शकते. आणि परत येण्याची हमी कोण देणार? ७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्राएलमध्ये झालेल्या हल्ल्यात तीसहून अधिक थाई मजूर मारले गेले आणि सुमारे तितक्याच जणांना ओलीस धरून नेले. त्यांतील बरेचसे ईसानचे होते. कोणी कर्जासाठी गेलेला, कोणी घरासाठी.

हे सारे लिहिताना आपले कोकण आठवल्यावाचून राहत नाही. मुंबईच्या गिरणीत राबून चाकरमान्याने बांधलेले घर, पुढे आखाती देशांतल्या पैशावर उभे राहिलेले रत्नागिरीकडचे बंगले आणि गणपती-शिमग्यापुरती निघणारी त्यांची कुलपे आपण पाहिली आहेत. फरक एकच. ईसानमध्ये घर सांभाळणारीचे नाव कागदावर येण्याची रूढी तरी आहे. आपल्याकडे चिरे मोजून घेणारी बाई आणि सात-बारावरचे नाव ह्यांची गाठ क्वचितच पडते. त्या दूरच्या ईशान्येकडून आपण शिकायचे असेल, तर ते हे.

घर पूर्ण झाले की तेथे एक समारंभ करतात. त्याला 'खून बान माय' म्हणतात. अर्थ, नव्या घरात चढणे. आज घर जमिनीवर असले तरी शब्द जुन्या उंच घराचाच राहिला आहे. भिक्षू येतात, घराभोवती पांढरे सूत फिरवतात आणि मंत्रपठण करतात. आई, बायको, मुले, शेजारी त्या सुताच्या आत हात जोडून बसलेली असतात. पैसे पाठविणारा बहुधा तेथे नसतो. तो दूरदेशी रात्रपाळी आटोपून फोनच्या काचेवर हे पाहत असतो.

जे सुताच्या आत बसले आहेत, त्यांचे ते घर. पाठविणाऱ्यालाही तेथे हक्काची जागा आहे. पण ती जागा पैशाने राखून ठेवता येत नाही, येऊन बसूनच घ्यावी लागते. त्याला लवकर परत येता यावे, एवढ्यासाठी तरी घर लहान बांधावे.